गिटारचा पिकअप बदलायचाय? आधी तक्रार सांगा

"ताई, पिकअप बदलून द्या." केसची चेन उघडायच्या आधीच वाक्य येऊन पडतं. मी विचारते, "का?" समोरचा जरा गडबडतो. "आवाजात मजा नाही हो."

नारायण पेठेत वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक 'रेडिओ बिघडलाय' म्हणालं की बाबा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "काय ऐकू येतंय ते सांगा, काय बिघडलंय ते मी सांगतो." त्यांचं टेबल आणि मोटवानेचा काट्याचा मीटर आता माझ्याकडे आहे. टेबलावर रेडिओच्या जागी गिटार येतात, प्रश्न मात्र मी तोच विचारते. तक्रार नेमकी कळल्याशिवाय कोणता पिकअप घ्यायचा हेही ठरत नाही, आणि बऱ्याच तक्रारी तर नुसत्या स्क्रू ड्रायव्हरवर मिटतात.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या, पिकअपमध्ये ही तार साधारण ४२ गेजची, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे वेढे सात-आठ हजार. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर चढवून 'पिकअप गेला' म्हणत आलेला एक मुलगा मी पाहिलाय. पिकअपला लोखंड आणि निकेल समजतं, ब्राँझ नाही.

तर पहिली तक्रार, सगळ्यात जास्त येणारी: आवाज पातळ आहे, किंवा दबका आहे. आधी तारा नव्या घाला. मग दुसरी केबल लावून बघा, वीस फुटी स्वस्त केबल वरचे सूर गिळते. मग उंची बघा. दोन्ही ई तारा, म्हणजे सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक, शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खुंटीपर्यंतचं (पिकअपवर प्रत्येक तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकापर्यंतचं) अंतर मोजा. स्ट्रॅटच्या नेहमीच्या पिकअपला जाड तारेखाली २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६ हे फेंडरचं माप सुरुवातीला चांगलं. हमबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, ब्रिजकडे (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिकडे) १.६ आणि नेककडे (मानेकडे) २.४ च्या आसपास. बाजूच्या स्क्रूचा अर्धा फेरा द्यायचा, वाजवायचं, ऐकायचं. एकदम दोन फेरे देऊ नका.

जवळ नेलं की आवाज वाढतो, म्हणून लोक पिकअप तारेला टेकेपर्यंत वर घेतात. स्ट्रॅटमध्ये खुंट्या स्वतःच चुंबक असतात, त्या तारेला ओढून धरतात. मग जाड ई तार वरच्या फ्रेटवर वाजवली की एकाच्या जागी दोन सूर ऐकू येतात आणि इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर, काही केल्या जुळत नाही. अशी गिटार घेऊन एक जण तीन ठिकाणी फिरून आला होता, ब्रिजसुद्धा बदलून झाला होता. मी नेकचा पिकअप दीड मिलिमीटर खाली घेतला, झालं.

एक चूक माझी. एका पिकअपची मधली खुंटी मला जरा वर हवी होती, म्हणून अंगठ्याने खालून ढकलली. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. 'टिक्' असा बारीक आवाज आला आणि मीटरचा काटा जागचा हलेना, आतली तार तुटली होती. गिऱ्हाइकाला नवा पिकअप घेऊन दिला. हमबकरच्या स्क्रूच्या खुंट्या फिरवायच्याच असतात, या मात्र ढकलू नका.

दुसरी तक्रार हम, म्हणजे अखंड घुमणारा आवाज. हिच्यावर जरा थांबते, कारण पुण्यात गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवणारा प्रत्येक जण ती घेऊन येतो. स्टेजच्या मागे जनरेटर, डोक्यावर डिमरचे दिवे, पायाशी वायरींचं जाळं. निवेदक बोलायला लागतो आणि त्याच्या मागे गिटार 'घूंऽऽ' करत राहते. साउंडवाला वैतागून गिटारचा फेडर खाली ओढतो, पुढच्या गाण्यात वर करायला विसरतो, आणि बिचाऱ्याचा सोलो स्टेजवरच विरतो.

आधी हम कुठून येतो ते शोधा. वाजवायच्या जागी उभे राहा आणि गिटारसकट हळूहळू स्वतःभोवती फिरा. एखाद्या कोनात हम बराच कमी झाला, तर सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा साधा पिकअप) जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पकडतेय. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर दोष बहुधा शील्डिंगचा, म्हणजे बाहेरची खरखर अडवणाऱ्या धातूच्या अस्तराचा. गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली की ही दुसऱ्या प्रकारची खरखर खूप कमी होते. पहिल्या प्रकारच्या हमला ती पट्टी अडवत नाही, आणि लोक नेमक्या त्याच हमसाठी ती लावून निराश होतात. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो पिकअपचा विषय नाहीच. अँप बंद करा, मंडपातली अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार हातात घेऊ नका.

पहिल्या प्रकारच्या हमवर पिकअप बदलणं हाच पक्का उपाय. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हरने १९५५ साली याच कारणासाठी हमबकरच्या पेटंटचा अर्ज केला. शेजारी-शेजारी दोन कॉइल, चुंबकाची दिशा उलट आणि वेढ्यांचीही उलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरून आलेला हम एकमेकांना खाऊन टाकतो. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं. तोवर पिकअपच्या खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लेबल असायचं, म्हणून ते पिकअप आजही 'पॅफ' नावाने ओळखले जातात. किंमत एकच: तारेचे दोन बिंदू एकदम ऐकले जातात, त्यामुळे सिंगल कॉइलची ती काचेसारखी चकाकी थोडी जाते.

स्ट्रॅटवाल्यांनी हमबकर बसवायला गिटारला करवत लावायच्या आधी पिकअप निवडायचा स्विच दोन किंवा चार नंबरवर टाकून बघावा, तिथे दोन पिकअप एकत्र वाजतात. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर तिथे हम गायब होतो, फुकटात. तिन्ही पिकअपवर शांतता हवी असेल तर सिंगल कॉइलच्याच आकाराचे, आत एकावर एक दोन कॉइल ठेवलेले पिकअप मिळतात. ऑर्केस्ट्रावाल्यांना मी तेच सुचवते. स्टेजवर चकाकीपेक्षा शांतता बरी, हे माझं मत. घरी बसून ब्लूज वाजवणाऱ्याने ते ऐकायची गरज नाही.

तिसरी तक्रार शिट्टी. अँपचा गेन (सिग्नलचा जोर) वाढवला की पिकअप किंचाळतो. आवाज चालू ठेवून पिकअपवर पेन्सिलने टिचकी मारा. माइकवर मारल्यासारखी 'टक टक' मोठ्याने आली तर आतले वेढे सैल आहेत. मेणात बुडवून हे बरं होतं: पॅराफिन मेण, भांड्यात पाणी, पाण्यात मेणाचं भांडं, तापमान ६५ अंशांच्या पुढे नाही, आणि बुडबुडे थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. मेण थेट गॅसवर ठेवू नका, ते पेट घेतं. जास्त तापलं तर प्लास्टिकचा बॉबिनही वाकडा होतो.

चौथी, पिकअप मेलाय. समुद्राकाठची दमट हवा याला फार कारणीभूत. रत्नागिरीहून आलेल्या एका गिटारच्या पिकअपला, बारीक तार जिथे जाड वायरीला जोडतात तिथे, हिरवा थर होता. मीटर काहीच दाखवत नव्हता. तिथलाच जोड तुटलेला असेल तर नखाने इनॅमल हलकं खरवडून पुन्हा सोल्डर होतो. आतली तार तुटली असेल तर नवा पिकअप.

या सगळ्यातून पार पडल्यावर उरतं ते शेवटचं आणि मनापासूनचं कारण: मला वेगळा आवाज हवाय. त्यात गैर काही नाही, पिकअप बदलण्याचा धंदाच त्यावर उभा राहिला. लॅरी डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन सत्तरच्या दशकात आला तो अँपला जोरात ढकलण्यासाठी. मेटलवाल्यांना ईएमजीचे ॲक्टिव्ह पिकअप आवडतात, त्यांना ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल जॅकमध्ये विसरलात तर ती रात्रभर संपत राहते. ढोबळ मानाने अल्निको २ चुंबक मऊ, अल्निको ५ कडक आणि उजळ, सिरॅमिक आणखी धारदार. पण गुंडाळी बदलली की हेही बदलतं.

किलोओहमवर, म्हणजे पिकअपच्या तारेच्या रेझिस्टन्सच्या 'के' आकड्यावर, जाऊ नका. '१६ के आहे, म्हणजे दुप्पट दमदार' हे खरं नाही. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपची तार पारंपरिक पद्धतीने ४३ गेजची, आणखी बारीक असते. त्यामुळे रेझिस्टन्स भरपूर दिसतो, पण आवाज ब्रिजच्या पिकअपहून मवाळच. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानासोबत वाढतो. २० अंशांना ८ के दाखवणारा पिकअप पुण्याच्या एप्रिलमध्ये, ४० अंशांना, ८.६ दाखवतो. 'मला चुकीचा पिकअप दिला' म्हणून ऐन उन्हाळ्यात भांडायला निघालेल्या एकाला मी तो पंख्याखाली तासभर ठेवायला लावला होता.

खरेदीआधी पट्टी घेऊन ब्रिजपाशी दोन ई तारांमधलं अंतर मोजा. फेंडर छापाच्या गिटारला ५२-५३ मिलिमीटर, गिब्सन छापाला ४९-५०. पॉटही (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) बघा: सिंगल कॉइलला २५० के, हमबकरला ५०० के. २५० वर हमबकर लावून 'दबका आहे' म्हणणारे पुष्कळ.

वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनची काळी वायर सिग्नलची, तर डिमार्झिओची लाल. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावू नका. नवा-जुना पिकअप एकत्र वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज कापतायत. हे आधीच कळतं: काट्याचा मीटर सगळ्यात लहान डीसी रेंजवर ठेवा, पिकअपच्या दोन वायरी जोडा, पोलादी स्क्रू ड्रायव्हर खुंट्यांवर टेकवून झटकन उचला. काटा ज्या बाजूला उडी मारतो ती बाजू कागदावर लिहा. सगळ्या पिकअपवर उडी एकाच बाजूला हवी. एखादा उलटा निघाला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मात्र त्याला धातूचं कव्हर असेल तर कव्हरची जोडणी आधी वेगळी करून अर्थला न्या, नाहीतर कव्हरच अँटेना होतं.

तारा चढवायच्या आधी केबल लावा, अँप अगदी हळू ठेवा आणि स्विचच्या प्रत्येक जागी त्याच स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर टिचकी मारून बघा. जो पिकअप चालू असायला हवा तोच वाजला, की मग पिकगार्डचे अकरा स्क्रू बसवा. आधी नको. मी बसवलेत आणि परत काढलेत.