अंडाशयाच्या हार्मोन तपासण्या : कोणती, कोणत्या दिवशी

पस्तिशीच्या आतील स्त्रीने वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. पाळी फारच अनियमित असल्यास तेवढेही थांबू नये. मात्र म्हापशात वा मडगावात रक्त देण्याआधी पाळीची तारीख लिहून ठेवावी, कारण अंडाशयाशी निगडित बहुतेक हार्मोन्स दिवसागणिक बदलतात आणि भलत्याच दिवशीचा आकडा दिशाभूल करतो. नुसते डाग दिसले तो दिवस धरू नये. नीट स्राव सुरू होतो तो पहिला दिवस.

एफएसएच, एलएच (बीज सुटण्यास चालना देणारे हार्मोन) आणि एस्ट्रॅडिऑल या तपासण्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकत्रच कराव्यात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून येणारे एफएसएच अंडाशयातील बीजपुटके (ज्यांत बीज वाढते त्या पिशव्या) वाढवते, आणि वाढत्या पुटकांतून स्रवणारे एस्ट्रॅडिऑल उलट एफएसएचलाच आवर घालते. म्हणून एस्ट्रॅडिऑल चढलेले असताना एफएसएच 'नॉर्मल' दिसले तरी त्यावर विसंबता येत नाही. एएमएच (लहान बीजपुटकांतून स्रवणारे हार्मोन) कोणत्याही दिवशी चालते, पण त्यातून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, दर्जाचा नव्हे. केवळ ते कमी आले म्हणून नैसर्गिक गर्भधारणेची आशा सोडणे अनाठायी आहे.

सर्वाधिक गोंधळ प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनचा. ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. 28 दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस, तर 35 दिवसांच्या चक्रात अठ्ठाविसावा. पातळी 3 नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरहून अधिक असल्यास बीज सुटल्याचे मानतात. घरी लघवी तपासायच्या एलएच पट्टीवर वाढ दिसल्यास पुढील दीडेक दिवसात बीज सुटण्याची शक्यता असते. पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा हार्मोन-बिघाड) मात्र एलएच मुळातच चढे असू शकते, तेव्हा पट्टी फसवते.

चतुर्थीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील (आपल्याकडे हे सर्रास चालते), तर त्या चक्रात या तपासण्या करू नयेत. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्याने थायरॉईडचे आकडे बिघडू शकतात.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी दवाखान्यात जाताना तारखांची वही आणि जुने अहवाल सोबत न्यावेत, आणि पतीची वीर्यतपासणी शेवटी नव्हे, याच सुमारास करून घ्यावी.