मॉरिशस, दोघांसाठी: बाजाराचे वार पाहून आखलेल्या सात रात्री

मॉरिशस नकाशावर एवढंसं दिसतं, म्हणून बहुतेक जण रोज टॅक्सी करून बेट पालथं घालतात आणि जेवण हॉटेलच्या बुफेत उरकतात. खाण्यासाठी जात असाल तर बेत उलटा आखा: आधी बाजाराचे वार, मग मुक्काम, स्थळं शेवटी.

मुक्काम दोनच ठेवा. शनिवारी उतरून तीन रात्री आग्नेयेच्या माहेबूरला. विमानतळ जवळ आणि बाजार सोमवारी. कसाव्याची (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याची) बिस्किटं बनवणारा 1870 पासूनचा कारखानाही इथलाच. उरलेल्या चार रात्री पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकला. मे ते ऑक्टोबर हवा छान असते, पण आग्नेय वारे पूर्व किनारा झोडपतात. पश्चिमेला डोंगरांचा आडोसा मिळतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे, टाळलेले बरे.

खाण्याचा खरा वेळ सकाळचा. गाडीवरची दालपुरी घ्या. नाव पुरीचं, पण भाजतात तव्यावर. आत शिजवून भरडलेली डाळ, हळद, जिरं. जोडीनेच मिळते. तीत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी आणि मिरची भरून कागदात गुंडाळून देतात. तिथेच उभ्याने खा. गार झाली की कोरडी पडते आणि डाळ सुटते. दोघांत एकच जोडी घ्या, म्हणजे गातो पिमाँला (मिरचीचे डाळवडे) जागा उरते. मिरची कमी हवी असेल तर ‘पा त्रो पिमाँ’ म्हणा, तेही भरायच्या आधी. चांगल्या गाडीवरचा माल दुपारी संपलेला असतो. शाकाहाऱ्यांनी मीन फ्रीत म्हणजे परतलेल्या नूडल्स घेताना सॉस विचारावा; त्यात बऱ्याचदा कालवांचा किंवा माशांचा असतो.

राजधानी पोर्ट लुईसला रविवारी जाऊ नका, अप्रवासी घाट बंद असतो. 1834 पासून आलेले हिंदुस्थानी गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) इथे उतरले; 2006 पासून जागतिक वारसास्थळ. सकाळी आधी घाट, मग चालत मध्यवर्ती बाजार आणि सब्जा घातलेला थंडगार आलुदा, म्हणजे फालुद्यासारखं दुधाचं पेय. संध्याकाळी पाचनंतर शहर ओस पडतं. बसही लवकर थांबतात, म्हणून परतीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. सुटे पैसे जवळ हवेत. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा.

सेगा हा तिथला पारंपरिक नाच-गाण्याचा प्रकार हॉटेलात पाहण्यापेक्षा रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर फिरा. सहलीला आलेल्या कुटुंबांकडे कधी कधी रावान निघतो. बकऱ्याच्या कातड्याचं हे वाद्य वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात, त्याशिवाय कातडं ताणलं जात नाही.

गणपतीत जाणार असाल तर तारीख तपासा. तिथली सार्वजनिक सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते (2025 मध्ये 28 ऑगस्ट). त्या दिवशी मराठी मंडळींचे गणपती विसर्जनाला किनाऱ्यावर येतात, रस्ते तुंबतात. परतीचं विमान त्या दिवशी घेऊ नका.