वारसा-संवर्धनातील नव्या तंत्रज्ञानासाठी निधी कसा मागावा

जुना किल्ला, देऊळ किंवा दप्तर यांचे काम हाती घेतलेली मंडळे निधीसाठी अर्ज लिहितात, तेव्हा पहिल्या पानावर बहुधा ड्रोन आणि लेझर स्कॅनरची माहितीपत्रके असतात आणि वास्तूला नेमके काय झाले आहे ते सातव्या पानावर सापडते. ठाण्यातील आमच्या मंडळाचा पहिला अर्जही असाच होता आणि तो परत आला. हे यंत्र आणल्यावर त्या भिंतीचे काय होणार, एवढाच प्रश्न देणाऱ्यांनी विचारला होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून अर्जाची सुरुवात दोषापासून करावी. समजा, बुरुजाच्या सांध्यात पिंपळाने मूळ धरले आहे, चुना धुऊन गेला आहे आणि खाली एक बोट जाईल एवढी भेग आहे. ती भेग रुंदावते आहे की वर्षानुवर्षे तशीच आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. मात्र पावसापूर्वी मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरात, त्याच पक्क्या नियंत्रणबिंदूंवरून (मोजणीसाठी कायम केलेल्या खुणांवरून) दोनदा त्रिमितीय मोजणी करून दोन्ही प्रतिमा एकावर एक बसवल्या, तर दगड किती मिलिमीटर सरकले ते दिसते. यासाठी स्कॅनर विकत घेण्याची गरज नाही. मोजणीची सेवा घ्यावी. लहान वास्तूसाठी एकमेकांवर ७० ते ८० टक्के येणारी छायाचित्रे आणि विनामूल्य सॉफ्टवेअरेही पुरतात: छायाचित्रांतून त्रिमितीय प्रतिमा बनवायला मेशरूम, दोन प्रतिमांची तुलना करायला क्लाउडकम्पेअर. ज्या तंत्राचा उपयोग होणार नाही ते मागू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. खाडीकाठच्या खारट, ओल्या चिखलात भूभेदी रडारच्या (जमिनीखालचे पाहणाऱ्या यंत्राच्या) लहरी लवकर शोषल्या जातात. नवी मुंबईतील बेलापूरसारख्या ठिकाणी त्यावर पैसे मागण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

दुसरे काम परवानग्यांचे, आणि ते अर्जाच्या आधीचे आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर केंद्रीय संरक्षित असल्याने तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो आणि परवानगी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडून घ्यावी लागते. इतर वास्तूंसाठी जमिनीच्या मालकाचे ना हरकत पत्र हवे. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांप्रमाणे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा पाहावा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे बेलापूर परिसरात हे टाळता येणार नाही. परवानगीचे पत्र न जोडलेला अर्ज चांगला असला तरी मागे पडतो.

निधीच्या वाटांपैकी आपल्याकडे सर्वांत जवळची कंपन्यांची सामाजिक दायित्वाची (सीएसआर) रक्कम होय. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावे लागतात, सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचे जतन स्पष्ट नमूद आहे आणि कायदा स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात असे दरवाजे अनेक आहेत. मंडळाची प्राप्तिकर सवलतीसाठीची १२-ए व ८०-जी नोंदणी आणि सामाजिक दायित्वाची रक्कम घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आधी झालेली असावी. मोजणीचे काम पुढच्या आर्थिक वर्षात जाणार असेल, तर प्रस्तावात ‘चालू प्रकल्प’ असा शब्द वापरण्यास कंपनीला सुचवावे. अशा प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुभा मिळते.

मोठ्या देणगीदारासाठी केंद्राचा १९९६ चा राष्ट्रीय सांस्कृतिक निधी आहे, ज्यातील देणगीला प्राप्तिकरात पूर्ण वजावट मिळते. सरकारी वाटेने जायचे असल्यास जिल्हा नियोजन समितीकडे जावे. तिथे प्रस्ताव संबंधित विभागामार्फतच जातो. कागदपत्रांचे जतन करायचे असल्यास ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातील दप्तरांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून जगभरात अंकीकरणाला मदत करतो; परदेशी पैसा घेताना मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. अमेरिकेत लुइझियानातील नॅकिटश (Natchitoches) येथे संवर्धन-तंत्रज्ञानालाच वाहिलेले एक राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचा निधी तिथल्या संस्थांसाठी असतो, म्हणून मागायला जाण्यात अर्थ नाही. त्याच्या संकेतस्थळावर प्रस्ताव कसे मांडले जातात ते मात्र अवश्य पाहावे.

अंदाजपत्रकात तीन बाबी हमखास राहून जातात: दुसऱ्या हंगामाची मोजणी, स्थानिक दोघा-तिघांचे प्रशिक्षण आणि माहितीची साठवण. एका मध्यम बुरुजाच्या स्कॅनने हार्ड डिस्क पाहता पाहता भरते. माहिती ई५७ सारख्या (कोणत्याही सॉफ्टवेअरात उघडता येईल अशा) खुल्या स्वरूपात, दोन वेगळ्या जागी ठेवण्याचे आणि एक प्रत पुरातत्त्व कार्यालयात देण्याचे कलम कंत्राटात घालावे, नाहीतर मोजणी करणारी संस्था बंद पडल्यावर मोजणी तिच्याबरोबर जाते. प्रत्येक बाबीला तीन दरपत्रके जोडावीत, वस्तू व सेवा कर वेगळा दाखवावा.

पहिला हप्ता मिळाल्याच्या दिवसापासून पावत्यांची फाईल वेगळी ठेवावी, कारण उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर न गेल्यास दुसरा हप्ता अडतो आणि नोव्हेंबरची मोजणी हुकली की पुढचा पावसाळा ओसरेपर्यंत थांबावे लागते.