खेळ टेबलावर, हिशेब लॅपटॉपवर

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ चालवायला घेणारी नवी मंडळी मला आधी एकच विचारतात: कुठलं ॲप घेऊ? असल्या ॲपांचं सध्या पेवच फुटलंय, तेव्हा विचारणं साहजिक आहे. मी त्यांना उलटं विचारते, लॅपटॉपवर काय ठेवायचं नाही ते ठरवलंय का? आमच्या सांगलीतल्या गटात खेळाडूंचे फासे खरे असतात, कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेलं पान, कागदाची असते आणि पेन्सिल-खोडरबर ज्याचं त्याचं. लॅपटॉप फक्त माझा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमचा. त्यावर दोनच कामं: आठवण आणि हिशेब.

खेळच नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो प्रसिद्ध केला. डीएम प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन 'मी काय करतो' ते सांगतात आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा निकाल देतो. सांगलीत हे समजावणं सोपं जातं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' रंगवलं तेव्हा सूत्रधार पदांतून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं ऐनवेळी करायची. आमच्या मावशीला एवढं सांगितल्यावर पुढचं काही सांगावं लागलं नाही. फरक इतकाच की त्या सूत्रधाराची कथा रामायणातली, सगळ्यांना पाठ. आपल्याला मात्र गेल्या महिन्यात तोंडाला येईल ते ठेवलेलं धर्मशाळेच्या राखणदाराचं नाव आज आठवायचं असतं. लॅपटॉप लागतो तो इथे.

तो ठेवायचा कुठे, याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. समोर उघडून बसलात तर खेळाडूंना तुमच्या चेहऱ्याऐवजी झाकणावरचं कंपनीचं बोधचिन्ह दिसतं. मी डाव्या हाताला स्टूलवर ठेवते, स्क्रीन माझ्याकडे तिरकी. बघायला मान वळवावी लागते, म्हणून बघणं आपोआप कमी होतं. एक फुकटची युक्तीही सांगते. कुणी 'दार उघडतो' म्हणालं की दोन-चार बटणं उगीच बडवायची. सगळे सावरून बसतात.

टिपणांसाठी मी ऑब्सिडियन वापरते. ते फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि फायली साध्या मजकुराच्या रूपात आपल्याच डिस्कवर राहतात. एखादं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की त्या नावाच्या पानाचा दुवा तयार होतो. राखणदाराच्या पानावर गेलं की तो कुठल्या कुठल्या सेशनमध्ये आला होता तेही दिसतं. मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवशीच पाळावी: नावांचं शुद्धलेखन ठरवून टाका. एकदा 'हरिपूर' आणि एकदा 'हरीपूर' लिहिलं तर संगणकाच्या लेखी ती दोन गावं होतात आणि ऐन वेळी शोधूनही पान सापडत नाही. ऑब्सिडियनमध्ये पानाच्या वर 'अलियास' म्हणून पर्यायी नावं देता येतात, तिथे दोन्ही रूपं टाकून ठेवा. हे सगळं नको असेल तर नोटपॅडची एक फाईलसुद्धा पुरते.

तयारी किती करायची? दर सेशनला एक पान, स्क्रोल न करता दिसेल एवढंच. उदाहरण म्हणून आमचा हरिपूरच्या पेवांचा डाव घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठं. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून हळदीचं मोठं नुकसान झालं. डंजनसाठी, म्हणजे धोक्यांनी भरलेल्या भुयारासाठी, परदेशी किल्ला कशाला हवा? माझ्या पानावर होतं ते असं: पेव उघडल्यावर हवा कोंदट, दिवा सोडून न बघता उतरला तर कॉन्स्टिट्यूशनचा (म्हणजे पात्राच्या तब्येतीचा) फासा, तळाशी भिंत फोडून शेजारच्या पेवात वाट, चार थोराड उंदीर, हळदीत पुरलेली मोहोर. खाली आठ-दहा बिनमालकाची नावं. खेळाडू रस्त्यावरच्या कुणालाही 'तुझं नाव काय' विचारतातच आणि नावं सुचवणाऱ्या ऑनलाइन जनरेटरवरची नावं हमखास इंग्रजी असतात. तुम्ही वापरलेल्या नावापुढे लगेच 'हमाल, एक डोळा बारीक' असं काहीतरी लिहून ठेवा.

नियमांसाठी पुस्तकं विकत घेण्याची घाई नको. पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम, एसआरडी ५.१, खेळाच्या प्रकाशक कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली खुले केले. ती पीडीएफ उतरवून घ्या आणि शोधपट्टी वापरायला शिका. मात्र खेळ चालू असताना अर्ध्या मिनिटात नियम सापडला नाही तर मनाने निकाल द्या आणि नंतर बघा. टेबलावर शांतता पसरते ती नियम चुकल्यामुळे नाही, डीएम पीडीएफमध्ये बुडाल्यामुळे.

आता हिशेब. लढाईत लॅपटॉप खरा कामाला येतो आणि त्यासाठी एक्सेल किंवा फुकटचं लिब्रेऑफिस कॅल्क पुरतं. रकाने सहा: नाव, इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी ते ठरवणारा आकडा), आर्मर क्लास (घाव लागायला किती यावे लागतात), एकूण हिट पॉइंट (किती मार सोसता येतो), लागलेलं, शेरा. सगळ्यांनी इनिशिएटिव्ह टाकलं की त्या रकान्यावर उतरत्या क्रमाने सॉर्ट करायचं, झाली रांग तयार. एकाच जातीच्या प्राण्यांसाठी एकच फासा टाकायचा असतो, म्हणजे चार उंदरांचा क्रम एकच. पण ओळी मात्र चार करा, कारण मार प्रत्येकाला वेगळा बसतो. एसआरडीत या थोराड उंदराचा आर्मर क्लास १२ आणि हिट पॉइंट ७ आहेत. 'लागलेलं' या रकान्यात नुसती बेरीज न टाकता सूत्र लिहा, म्हणजे बरोबरचं चिन्ह आणि पुढे ३ अधिक २. मग कुणी 'माझे दोन धरलेच नाहीत' म्हणालं की वाद घालावा लागत नाही, प्रत्येक घाव तिथे दिसतो. शेवटी सातवा रकाना जोडा आणि त्यात एकूण हिट पॉइंटमधून लागलेलं आपोआप वजा होऊ द्या.

शेऱ्याचा रकाना नवे लोक गाळतात, आणि तोच महत्त्वाचा. या उंदरांना 'पॅक टॅक्टिक्स' आहे: ज्याच्यावर हल्ला करायचा त्याच्या पाच फुटांत दुसरा धडधाकट साथीदार उंदीर असेल तर दोन फासे टाकून मोठा धरायचा. हे विसरलात तर उंदीर म्हणजे नुसती करमणूक. लक्षात ठेवलंत तर पहिल्या पातळीचा जादूगार खरोखर घाबरतो.

काही जण स्प्रेडशीटमध्येच रँडबिट्वीन या मनाला येईल तो आकडा काढणाऱ्या सूत्राने फासे टाकतात. सावध राहा. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की तो आकडा पुन्हा बदलतो. आत्ता १७ दिसला, मार लिहीपर्यंत ४ झालेला असतो. मी राक्षसांचे फासेसुद्धा हातानेच आणि उघड्यावर टाकते. पात्र मेलं तर ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरावं.

घरात टीव्ही असेल तर एचडीएमआय वायरने नकाशा दाखवता येतो. विंडोज की आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' निवडलंत तर तुमची टिपणं भिंतभर. आधी व्हॉट्सॲप बंद करा, नाहीतर ड्रॅगनच्या गुहेवर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा निरोप झळकेल. संगीताबद्दल माझं मत फारसं बरं नाही. लावायचंच तर आधी उतरवून ठेवलेलं, हळू आवाजात.

रोल-ट्वेंटी, फाउंड्री वगैरे ऑनलाइन खेळायची साधनं कधी? गटातला कुणी नोकरीसाठी पुण्याला गेला की. रोल-ट्वेंटी ब्राउझरमध्ये फुकट सुरू करता येतं. फाउंड्रीचा परवाना एकदाच आणि फक्त डीएमने घ्यायचा असतो, बाकीचे ब्राउझरमधून येतात. एकच जण दूर असेल तर मला दोन्ही जड वाटतात. साध्या व्हिडिओ कॉलवर भागतं, फक्त कॉल लॅपटॉपवर न घेता फोनवर घ्या आणि फोन टेबलाच्या मध्ये वहीवर ठेवा. फासे मात्र रुमालावर टाकायचे, नाहीतर पुणेकराला फक्त खडखडाट ऐकू येतो.

पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टरवर बहुधा पंखे आणि दिवे असतात. टीव्ही आणि राउटर गेले की इंटरनेटवरच्या ढगातलं सगळं गेलं. म्हणून नियम, टिपणं, नकाशे लॅपटॉपमध्येच हवेत, बॅटरी आधी पूर्ण भरलेली, आणि त्या दिवसाच्या पानाचा एक फोटो फोनमध्ये.

सेशन संपल्यावर लोक चपला शोधत असतात तेवढ्यात तीन ओळी लिहून टाका: कुठे थांबलो, कुणाला काय सापडलं, कोण चिडलंय. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे क्रम बिघडत नाही. पुढच्या वेळी त्या ओळी मी वाचत नाही. सुरुवातीला सगळ्यांनी एकेक फासा टाकायचा, आणि ज्याचा सगळ्यात कमी येईल त्याने मोठ्याने वाचायच्या. उशिरा आला त्याचा १ धरला जातो.