यम-नियम रोजच्या व्यवहारात कसे आणावेत: प्रतिपक्षभावनेची रीत

पतंजलींच्या योगसूत्रांतील साधनपादात, म्हणजे दुसऱ्या प्रकरणात, आसनाला तीन सूत्रे दिली आहेत आणि यम-नियमांना (इतरांशी वागतानाचे पाच संयम ते यम, स्वतःपुरते पाच आचार ते नियम) सोळा. आपल्याकडे मात्र योग करायचा म्हटले की सतरंजी अंथरली जाते, आणि अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठा न करणे) ही पाच यमांची नावे परीक्षेपुरती पाठ करून बाजूला ठेवली जातात. आसनांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्याला दिवसभराच्या व्यवहारात योग हवा आहे त्याने यमांपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. यम पाळताना मन कोठे घसरते आणि ते घसरू लागले की काय करावे, याची रीतच पतंजलींनी दुसऱ्या पादातील 33 आणि 34 या दोन सूत्रांत सांगून ठेवली आहे. तिला प्रतिपक्षभावना, म्हणजे घसरत्या विचाराची दुसरी बाजू मनात उभी करणे, असे म्हणतात.

आधी नेम लहान धरावा

जात, देश, काळ आणि प्रसंग यांची कोणतीही मर्यादा न ठेवता पाळलेले यम हे महाव्रत होय, असे सूत्र सांगते. गृहस्थाने पहिल्याच दिवशी महाव्रताला हात घालू नये. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घराला काळाची मर्यादा घातलेला नेम कसा असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. तसाच नेम येथेही धरावा. पाचांपैकी एकच यम निवडावा आणि त्याला एकच जागा ठरवून द्यावी. ‘मी सदैव सत्य बोलेन’ हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही, पण ‘कामाच्या ठिकाणी फोनवर खोटे बोलणार नाही’ हा संकल्प टिकू शकतो आणि मोडला तर मोडल्याचे लगेच कळते.

मनात उलटा विचार उठला की त्याची चौकशी करावी

यमाच्या विरुद्ध जाणाऱ्या विचाराला सूत्रांत वितर्क म्हटले आहे. योगसूत्रांवरील जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, त्याचा नमुना दिला आहे: ज्याने माझे वाईट केले त्याला मी मारीन, खोटेही बोलेन, त्याचे धनही घेईन. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भावाभावांत बोलणे बंद झालेल्या कोणत्याही कुटुंबात हा विचार आजही जशाच्या तसा ऐकू येतो. असा विचार उठताच त्याला दडपू नये आणि त्याच्यामागे वाहतही जाऊ नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा की हे मी स्वतः करतो आहे, दुसऱ्याकडून करवून घेतो आहे, की दुसऱ्याने केलेल्याला संमती देतो आहे? सूत्रातील शब्द कृत, कारित आणि अनुमोदित असे आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण रीतीतला हा सर्वांत धारदार भाग आहे, कारण आपल्या बहुतेक पळवाटा येथेच बंद होतात. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत असे सांग’ म्हणणारा स्वतः खोटे बोलत नाही, तो हाताखालच्या माणसाला बोलायला लावतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी वॉचमनची टिंगल करणारा मजकूर टाकतो आणि आपण त्यावर हसरा चेहरा चिकटवतो. आपण एक शब्दही लिहिलेला नसतो, तरी अनुमोदन दिलेले असते.

दुसरा प्रश्न मुळाचा: यामागे लोभ आहे, क्रोध आहे की मोह? लोभ आणि क्रोध सहसा ओळखू येतात. मोह ओळखणे अवघड जाते, कारण भाष्यानुसार मोहाने हिंसा करणाऱ्याला वाटत असते की आपल्या हातून धर्मच घडतो आहे. दहावीतल्या मुलाला पाहुण्यांसमोर त्याचे गुण ऐकवून लाजवणारे वडील, ‘त्याच्या भल्यासाठीच बोलतो’ असे मनापासून मानत असतात. म्हणून ‘समोरच्याच्या भल्यासाठी’ हे कारण मनात आले, तर त्या कारणाकडे अधिक बारकाईने पाहावे.

तिसरा प्रश्न तीव्रतेचा: विचार सौम्य आहे, मध्यम आहे की अतितीव्र? याचे उत्तर ताबडतोब उपयोगी पडते. अतितीव्र असेल तर त्या क्षणी उत्तर देऊ नये, संदेश लिहिला असेल तर पाठवू नये आणि शक्य असल्यास खोलीतून बाहेर पडावे.

मग प्रतिपक्ष उभा करावा

प्रतिपक्ष उभा करणे म्हणजे रागाच्या जागी जबरदस्तीने गोड विचार बसवणे नव्हे. या कृतीचे फळ दुःख आणि अज्ञान हेच आहे आणि त्याला अंत नाही, हे स्वतःच्या प्रसंगात तपासून पाहणे, असे सूत्र सांगते. घरकामाच्या मावशींनी न सांगता दांडी मारली आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताच आपण तोंड सोडणार असलो, तर त्या बोलण्यानंतरचा तास डोळ्यांसमोर आणावा: त्या गप्प राहून भांडी घासतील, खरे कारण सांगणार नाहीत, पुढच्या वेळीही कळवणार नाहीत आणि आपली सकाळ जाईल ती जाईलच. एवढे दिसले की ‘काल काय झाले होते?’ हा प्रश्न आपोआप वेगळ्या सुरात विचारला जातो.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. मारहाण, फसवणूक किंवा छळ सोसणाऱ्या व्यक्तीने ही रीत अन्याय गिळण्यासाठी वापरू नये. तक्रार जरूर करावी, कायद्याची मदत घ्यावी. प्रतिपक्षभावना आपल्या मनातील सूडासाठी आहे, समोरच्याच्या गुन्ह्यावर पांघरूण घालण्यासाठी नाही.

रात्री नोंद करावी

झोपण्यापूर्वी वहीत दोन-तीन ओळी लिहाव्यात: प्रसंग कोणता, कृत-कारित-अनुमोदित यांपैकी काय, मूळ कोणते. स्वतःला दूषणे देणारे काहीही लिहू नये. काही आठवड्यांनी पाने चाळली की एकच मूळ पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि पुढचा नेम कोणता घ्यावा हे त्यावरूनच ठरते.

अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच त्याची भूमी दृढ होते, असे पतंजली म्हणतात. म्हणून नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी तोच नेम पुन्हा धरावा. भरपाई म्हणून अधिक कडक नेम घेऊ नये. ठरवलेल्या जागी तो सहज पाळला जाऊ लागला की मर्यादा एक पाऊल वाढवावी: कामावरच्या फोनवर पाळलेले सत्य आता घरातल्या फोनवर आणावे.