पीकबंदी न लादता विहिरी कशा वाचवाव्यात: पाण्याचा ताळेबंद आणि कुटुंबागणिक वाटा

मार्चमध्ये विहिरींचा तळ दिसू लागला की ग्रामसभेत दोन सूर निघतात. एक म्हणतो, ऊस बंद करा, बोअर बंद करा. दुसरा म्हणतो, माझी जमीन, माझी विहीर, तुम्ही कोण सांगणार? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा, त्यामुळे दुसरा सूर निव्वळ हट्टाचा नाही. पण खडकात कुंपण नसतं. वरच्या शिवारात दोनशे फुटांचं बोअर चालू झालं की खालच्या दोन एकरवाल्याची तीस फुटांची विहीर आधी आटते. मग पुढचं बोअर अडीचशे फूट, त्याच्या पुढचं चारशे. या शर्यतीत लहान शेतकऱ्याला उतरताच येत नाही, आणि बंदी आली तर तीही त्यालाच आधी सोसावी लागते, कारण दुसऱ्या पिकात पैसे अडकवण्याची ऐपत त्याच्याकडे नसते.

म्हणून इथे मांडलेली पद्धत वेगळ्या जागी मर्यादा घालते. बंधन पिकावर नको, एकूण उपशावर हवं. तो आकडा आधी ठरवायचा, तो एकरांवर न वाटता कुटुंबांवर वाटायचा, आणि वाट्यातून काय पिकवायचं ते ज्याचं त्याच्यावर सोडायचं. याला आधार आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला सुरू केलेल्या पाणी पंचायतीत माणशी अर्धा एकराचं पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, असा नियम होता. भूमिहीनांनाही वाटा होता, आणि पाणी जमिनीला चिकटलेलं नव्हतं. उसाला मात्र तिथे मनाई होती. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेलबंदी स्वीकारली आणि पावसाचं माप बघून रब्बीचं क्षेत्र ठरवण्याची शिस्त लावली. पण तिथे त्याआधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानाची अनेक वर्षं होती. ती वर्षं वगळून नुसती बंदी उचलली तर ती टिकत नाही.

पुढचा हिशोब दख्खनच्या काळ्या खडकावरच्या, कालव्याचं पाणी नसलेल्या गावासाठी आहे.

मोजमाप

पर्जन्यमापक उघड्यावर बसवा. जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला नोंद करा, पाऊस नसला तरी शून्य लिहा. रिकामी जागा आणि शून्य यांचा घोळ नंतर निस्तरता येत नाही.

निरीक्षणासाठी दहा-बारा विहिरी निवडा: काही माथ्याकडच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. फक्त चांगल्या पाण्याच्या निवडल्या तर सगळा ताळेबंद फुगतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने लाल खूण करा आणि दरवेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायला विसरू नका. मोजणी पहाटे, मोटार बंद होऊन निदान बारा तास झाल्यावर. चालू उपशात मोजलेली पातळी मीटर-दोन मीटर खोल दिसते, आणि आकडे खोटे पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. रात्रीच्या पाळीला वीज असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि ऑटोस्टार्टर काढून ठेवायला लावा, नाहीतर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते.

दोन मोजण्या चुकवू नका: पाऊस सरताना सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि मेअखेर. जानेवारीची तिसरी मोजणी पुढे कामाला येते. बोअरची पातळी वेगळ्या वहीत लिहा. ते खोलच्या थरातलं पाणी असतं, विहिरींच्या सरासरीत मिसळलं तर दोन्हींचा अर्थ जातो. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मिळतात. त्या मागून घ्या, पाच वर्षांचा अंदाज येतो.

हिशोब

समजा, गावाचं शिवार १,००० हेक्टर. चढाचे डोंगर २०० हेक्टर वजा करा, कारण तिथे पाणी थांबत नाही. उरले ८०० हेक्टर, म्हणजे ८० लाख चौरस मीटर. ऑक्टोबरमध्ये पाणी सरासरी ३.५ मीटरवर, मेमध्ये ७.५ मीटरवर. फरक ४ मीटर. या चार मीटरमधला बहुतेक भाग दगडच आहे. मुरूम आणि भेगाळ बेसाल्टच्या (म्हणजे याच काळ्या खडकाच्या) शंभर घनमीटरमधून साधारण एक ते तीन घनमीटर पाणी सुटतं. मधला दोन टक्के आकडा घ्या:

८०,००,००० × ४ × ०.०२ = ६,४०,००० घनमीटर

हे सगळं उपसायचं नाही. काही ओढ्यात झिरपत जातं, काही पुढच्या उशिराच्या पावसासाठी खडकात राहायला हवं. उपसा ७० टक्क्यांच्या आत असेल तर भूजल मूल्यांकनात तो पाणलोट ‘सुरक्षित’ गणला जातो, तोच दंडक धरा. म्हणजे ४,४८,००० घनमीटर.

आता पिण्याचं पाणी. १ ऑक्टोबरपासून जुलैअखेरपर्यंत ३०० दिवस धरा. मे अखेरीला हिशोब संपवणारी गावं जूनच्या खंडात टँकर मागवतात. १,५०० माणसं दिवसाला ५५ लिटरने २४,७५० घनमीटर, ६०० मोठी जनावरं ६० लिटरने १०,८००, ८०० शेळ्यामेंढ्या ८ लिटरने १,९२०. सगळं मिळून सुमारे ३८,०००. शाळा, घरबांधणी, कोंबड्यांच्या शेडसाठी आणखी १०,०००. हे ४८,००० आधी बाजूला काढायचे आणि त्यांना कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. हा आकडा महिलासभेत आधी ठरवून घ्या. हंडा कुणाच्या डोक्यावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे.

शेतीला उरले ४,००,००० घनमीटर. कुटुंबं २५०. प्रत्येकी १,६०० घनमीटर, म्हणजे सोळा लाख लिटर.

गावाचा वरचा आणि खालचा भाग पाण्याच्या बाबतीत फार वेगळा असेल, म्हणजे एकाच्या विहिरी जानेवारीत आटतात आणि दुसऱ्याच्या मेपर्यंत टिकतात, तर दोन भागांचे दोन ताळेबंद करा. एक सरासरी काढली तर वरच्या वाडीला कागदावर पाणी मिळतं, शेतात नाही.

वाटा हातात कसा येतो

एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार घनमीटर. हरभऱ्याला ६५ मिमीच्या दोन पाळ्या दिल्या तर एकरी ५२० घनमीटर लागतात, वाट्यात तीन एकर निघतो. गव्हाला ६० मिमीच्या सहा पाळ्या, एकरी १,४५०, म्हणजे एक एकर आणि थोडं वर. रब्बी कांद्याला एकरी २,२०० धरले तर २९ गुंठे. उसाला ऑक्टोबर ते मे मोकाट पाण्यावर १,४०० मिमी धरले तर एकरी ५,६००, म्हणजे फक्त ११ गुंठे. तोच ऊस ठिबकवर घेतला तर वीस गुंठ्यांच्या आसपास. कुणालाही ऊस लावू नको म्हणण्याची गरज पडत नाही. ११ गुंठ्यांचा ऊस की २९ गुंठ्यांचा कांदा, हे त्या घराने ठरवावं. त्याला बाजार, बैल, कर्ज आणि घरातली माणसं गावापेक्षा जास्त ठाऊक असतात.

घनमीटर कुणाला दिसत नाही, मोटारीचे तास दिसतात. म्हणून प्रत्येक मोटारीचा डिस्चार्ज, म्हणजे ती तासाला किती पाणी फेकते ते, मोजा. पाइपच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवून तो किती सेकंदांत भरतो ते तीनदा बघा, सरासरी घ्या. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. १,६०० घनमीटर म्हणजे ८९ तास. स्टार्टरच्या पेटीत तास मोजणारा मीटर बसवून घ्या आणि आकडा पंधरा दिवसांनी फळ्यावर लिहा.

पातळी खाली गेली की मोटारीला जास्त उंचीवर पाणी ढकलावं लागतं आणि डिस्चार्ज घटतो. फेब्रुवारीत तोच ड्रम ५५ सेकंदांत भरला तर तासाला जेमतेम १३ घनमीटर येतात. ऑक्टोबरचे तास तसेच धरले तर शेतकऱ्यावर अन्याय होतो, आणि पद्धतीवरचा विश्वास उडतो तो नेमका इथे. ड्रम जानेवारीत आणि मार्चमध्ये पुन्हा लावा, उरलेले तास वाढवून द्या.

ज्याच्याकडे विहीर नाही त्याचा वाटा जवळच्या विहिरीतून. विहीरमालकाला पाण्याचे पैसे नाहीत, उपशाचे द्यायचे: वीज, मोटार जळाल्यास रिवाइंडिंग आणि पाइपची झीज. पाच एचपीच्या मोटारीला तासाला साधारण चार युनिट लागतात, तिथून दर काढता येतो. करार एका रब्बीपुरता, लेखी, दोन साक्षीदारांसह. पाण्याच्या बदल्यात पिकाचा तिसरा-चौथा हिस्सा घेण्याची रीत अनेक गावांत आहे. ती चालू ठेवली तर गरीब कुटुंबाचा वाटा नावापुरता उरतो. भूमिहीन कुटुंबाने आपले तास त्याच भागातल्या दुसऱ्याला एका हंगामासाठी द्यायला हरकत नाही, दर ग्रामसभेत वाचून दाखवा. कायमचा विकू देऊ नका, गावाबाहेर तर मुळीच नाही.

जिथे हिशोब फसतो

प्लॅस्टिकचं शेततळं. वर ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं सुमारे २,२०० घनमीटरचं होतं. विहिरीतून ते एकदा भरलं की एका घराच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी उचललं गेलं. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिमी बाष्पीभवन धरलं तरी भरलेल्या तळ्यातून रोज पाच घनमीटरहून जास्त उडतं, तळं उपशाने हळूहळू उतरत गेलं तरी फेब्रुवारी ते मे मिळून चारपाचशे घनमीटर कुणाच्याच पिकाला न लागता जातात. ओढ्याच्या पुरातून भरलेलं तळं ताळेबंदाबाहेर ठेवा, विहिरी-बोअरमधून भरलेलं तासांत मोजा. पाणी खडकात राहिलं तर ते उडत नाही.

ठिबक. झाडापाशी ते नक्की पाणी वाचवतं. पण मोकाट पाण्यातला काही भाग झिरपून विहिरीत परत येतो, ठिबकचा येत नाही. वाट्याची मर्यादा नसेल तर वाचलेल्या पाण्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतो आणि उपसा होता तेवढाच राहतो. म्हणून आधी तास, मग ठिबक. आणि गावभर ठिबक झालं तर ७० टक्क्यांचा दंडक सैल करायचा मोह टाळा, परतणारं पाणी कमी झालेलं असतं.

डाळिंब, पेरू, ऊस अशी पिकं वर्षभर पाणी मागतात, आणि वाटा दरवर्षी बदलतो. नवी बाग किती लावावी हे गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्यात वाईट वर्षाच्या वाट्यावर ठरवा. आधीपासून उभ्या बागांना तोडायला लावू नका. दुसऱ्याचे तास घेऊन त्या जगवता येतात.

नवं बोअर हा खरा भांडणाचा मुद्दा. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानतो, आणि पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ पासूनच कायद्याचं बंधन आहे. हे दोन्ही ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यापलीकडे गाव एकतर्फी मनाई करू शकत नाही, आणि करू नये. नवं बोअर घेतलं तरी तास त्या कुटुंबाचे होते तेवढेच, एवढं संमतीपत्रात लिहून घ्या. वाटा वाढत नाही म्हटल्यावर चारशे फूट खोदण्याचं कारणच बरंचसं संपतं.

ग्रामसभेचं वेळापत्रक

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कच्चा आकडा मांडा. रब्बी ज्वारी तोवर बहुतेक पेरलेली असते, पण हरभरा, गहू आणि कांद्याचा निर्णय बाकी असतो. परतीचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, पक्का आकडा आणि प्रत्येक कुटुंबाचे तास जाहीर करा. नोव्हेंबर उजाडल्यावर सांगून उपयोग नाही, बियाणं घरात आलेलं असतं.

सगळ्यांची सही पहिल्या वर्षी मिळणार नाही. दोन-तृतीयांश विहीरमालक आले तरी सुरू करा, बाकीच्यांचा उपसा अंदाजाने वजा धरा. न आलेल्याची वीज तोडणं, पीक मोडणं असले मार्ग धरू नका. ज्याने तास ओलांडले त्याचे पुढच्या वर्षी दुप्पट तास कमी होतील, आणि त्याची नोंद फळ्यावर सगळ्यांसमोर राहील, एवढी शिक्षा पुरते. आजारपण किंवा मोटार जळणं अशा कारणाने ओलांडले असतील तर ऐकून घ्यायला तीन जणांची समिती ठेवा. त्यात एक तरी विहीर नसलेला माणूस आणि एक तरी बाई असावी.

जानेवारीच्या मोजणीत पातळी ऑक्टोबर-मेच्या मधल्या अपेक्षेपेक्षा अर्ध्या मीटरहून खाली असेल तर उन्हाळी भुईमूग, भाजी आणि चाऱ्याचं मका यांचे तास सगळ्यांसाठी सारख्या प्रमाणात कापा. मेअखेर पुन्हा टेप सोडा. पाणी ७.५ मीटरच्या वर राहिलं तर दोन टक्क्यांचा अंदाज तुमच्या खडकाला बरोबर बसला. खाली गेलं तर पुढच्या वर्षी दीड टक्का धरा.