बेटकास्टिंग रीळ: आधी अंगठा तयार करा

बेटकास्टिंग रीळ म्हणजे मासेमारीच्या काठीवरचं असं रीळ, ज्याची दोरीची फिरकी (स्पूल) फेकताना स्वतः फिरते आणि तिला अंगठ्यानं आवरावं लागतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पहिल्याच फेकीत माझ्या रिळाचा असा गुंता झाला की दोरी कापूनच काढावी लागली. म्हणून भावांनो, आधी पाण्यावर जाऊच नका. ऊस तुटलेलं रानही नको, बुडख्यांत दोरी अडकते. मोकळं मैदान गाठा आणि गळाऐवजी १५ ग्रॅमचं शिसं बांधा.

स्पूलचा वेग आवरणारा चुंबकाचा ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवा. मग हँडलच्या बाजूची, स्पूल घट्ट-सैल करणारी छोटी चकती बघा. काठी आडवी धरा, स्पूल मोकळा करणारं बटण दाबा, स्पूलवरचा अंगठा उचला. शिसं सावकाश उतरावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. फिरत राहिला तर चकती जराशी आवळा.

फेकताना झटका नको. शिसं हवेत असताना अंगठा स्पूलला जेमतेम लागू द्या. दोरी सैल पडली की तिचे वेढे फुगून अंगठ्याला टोचल्यासारखे लागतात. तिथंच हलकं दाबायचं. शिसं टेकायच्या क्षणी मात्र स्पूल पक्का थांबवा. माझे निम्मे गुंते इथलेच.

गुंता झालाच तर हिसडे देऊ नका. अंगठा घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवा, मग दोरी हळू ओढा. बऱ्याचदा सुटते.

सलग वीस फेकी साफ गेल्या, की ब्रेक एक खूण कमी.